शेठजींच्या घरी चपला बाहेर

सगळं आयुष्य मी लोकांना झोपवण्यात घालवलं. भूलतज्ज्ञ होते मी. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून निघून अमेरिकेत, न्यू इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावात आले आणि रिटायर होईपर्यंत तिथल्याच हॉस्पिटलात राहिले. या कामात माझं बोलणं कोणी पूर्ण ऐकायचं नाही. "आता छान मोठा श्वास घ्या, आणि कुठलीतरी आवडती जागा..." एवढं म्हणेपर्यंत समोरचा माणूस गेलेला असायचा. त्या आवडत्या जागेचं पुढे काय करायचं, हे सांगायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. घरी नवरा पुण्याचा, म्हणजे ऐकण्यापेक्षा दुरुस्त करण्याची हौस जास्त. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला. ती फोन स्पीकरवर टाकून गाडी चालवते आणि मधूनमधून "हं" म्हणते. रिटायर झाल्यावर मला एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी समोर उभं राहावं, जागं राहावं, आणि मी शेवटपर्यंत बोलावं.

म्हणून मी गावातल्या जुन्या घरात गाइड व्हायचं ठरवलं. आमच्या गावात एका व्यापाऱ्याचं घर म्युझियम म्हणून राखलेलं आहे. अमेरिका नवा नवा देश झाली तेव्हाचा हा माणूस. आधी जहाजांवर पैसा केला, मग राजकारणात पडला आणि राज्याच्या विधानसभेत जाऊन बसला. दिवाणखान्यात त्याचं मोठं पोर्ट्रेट आहे, शेजारी बायकोचं लहानसं. त्याच्या जाकिटाची बटणं पोटाशी झुंजताहेत, चेहऱ्यावर 'उधार मागू नये' असा भाव. ते पाहिल्या क्षणी मी त्यांना शेठजी म्हणायला लागले. नवऱ्याच्याही तोंडी तेच नाव बसलं. "आज शेठजींकडे जाणार का?" असं तो चहा पिताना विचारायचा, जणू मी त्यांच्या पेढीवर कारकून होते.

गाइड होणं म्हणजे परीक्षा होती. तिथल्या मुख्य बाई शेठजींच्या थेट सातव्या पिढीतल्या. उंच, सडसडीत, पाठ अशी ताठ की त्यांना पाहून मीच खांदे मागे घ्यायची. काय बोलायचं याची त्यांनी दिलेली लेखी संहिता होती, तिच्याप्रमाणे त्यांच्यासमोर तीन टूर करून दाखवायच्या. पास झालं तर शनिवारची टूर आणि छातीवर बिल्ला. नापास झालं तर मागच्या दुकानात बसून मेणबत्त्या विकायच्या. मला मेणबत्त्या विकायच्या नव्हत्या. मेणबत्तीवाल्याशी लोक फक्त "वास कोणता?" एवढंच बोलतात.

पहिली टूर झाली. तीन पाहुणे. वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीत मी पलंगाच्या दोऱ्या कशा आवळायचे ते सांगत होते, आणि एक गृहस्थ दाराच्या चौकटीला टेकून उभ्या उभ्या झोपले. दुसऱ्या टूरला एक तरुण आई आली, कडेवर किरकिरं बाळ घेऊन. जेवणघरात पोचेपर्यंत बाळ गाढ झोपलं. जाताना त्या आईनं मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली की गेले कित्येक दिवस हे असं झोपलंच नव्हतं, तुम्ही पुन्हा कधी बोलणार आहात? मुख्य बाईंनी ते ऐकलं. त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज फार शांत आहे." त्यांच्या चेहऱ्यावरून ते कौतुक नव्हतं एवढं मला कळलं.

"तुझ्या आवाजाला प्रिस्क्रिप्शन लागायला पाहिजे," नवरा म्हणाला. "आणि सोबत सूचना. गाइडनंतर गाडी चालवू नये." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंच नाही, यावरून काय ते समजा.

तिसऱ्या टूरला मी ठरवलं की प्रेक्षक आपले न्यायचे. मराठी माणूस टूरमध्ये झोपत नाही, कारण त्याला प्रश्न विचारायचे असतात. मी मंडळातल्या मावशींना फोन केला. मावशी ऐंशी ओलांडलेल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या दिवाळीपासून बारशापर्यंत सगळ्याचा हुकूम त्यांचा. मी म्हटलं, "मावशी, बारा माणसं आणा. बाराच. घर जुनं आहे, त्याहून जास्त चालत नाहीत."

"बारा म्हणजे बारा," मावशी म्हणाल्या. "तू काळजीच करू नकोस."

रविवारी सकाळी पावसाची रिपरिप चाललेली. मुख्य बाई दारात उभ्या. फाटकाशी एक गाडी थांबली, तिच्यामागे दुसरी, मग एक मोठी व्हॅन, मग आणखी दोन गाड्या. माणसं उतरतच राहिली. मी मोजायचं सोडून दिलं. "अगं, ती बारा आमचीच," मावशी छत्रीखालून म्हणाल्या, "पण यांना कळलं तर नाही कसं म्हणायचं? वाईट दिसतं ते."

आणि मग जे झालं ते मी कोणालाही करायला सांगितलं नव्हतं. पुढच्या दारापाशी आल्यावर मावशी वाकल्या आणि त्यांनी बूट काढले. त्यांच्यामागे सगळ्यांनी काढले. कोणाचं घर आहे म्हटल्यावर पायातलं बाहेर, यात विचार करण्यासारखं काय आहे? शेठजींच्या दगडी पायरीवर स्नीकर्स, सँडल, बर्फातले बूट, एक जोडी कोल्हापुरी, असा लग्नघरासारखा ढीग पडला. मुख्य बाई बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. मेणबत्त्या.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही फळ्यांची जमीन मूळची आहे. मी तीस वर्षं लोकांना विनवतेय की निदान टाचांचे बूट तरी घालून येऊ नका. कोणी ऐकत नाही." आणि त्या वाकल्या आणि त्यांनी स्वतःचे बूट काढले. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. मावशींनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी ते पाहिलं नाही असं ठरवलं.

बारा-बाराचे गट करायचे असं मुख्य बाईंनी सुचवलं. पण मंडळाचे गट करणं म्हणजे वाळूची मोळी बांधणं. शेवटी त्याच म्हणाल्या की मोज्यांवर आहेत तर चालेल, फक्त एका जागी गर्दी नको. मी इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, तोच मागून आवाज आला. "मराठीत सांग की गं! आपलीच तर माणसं आहेत सगळी." मी मुख्य बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही, पाहुण्यांची भाषा तीच आमची. मी माझ्या संहितेवर नजर ठेवीन, तुम्ही त्याच क्रमानं जा.

मुख्य बाईंना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. हे माझ्या लक्षात आलं आणि माझ्या अंगात काय शिरलं देव जाणे. इतके दिवस ती संहिता मी भूल देण्याच्या आवाजात वाचत होते. आता मला कोणी पकडणार नव्हतं. मी पोर्ट्रेटकडे हात केला आणि म्हटलं, "मंडळी, हे शेठजी!"

"नमस्कार शेठजी!" मागून कोणीतरी म्हणालं. दोघातिघांनी खरंच हात जोडले. मुख्य बाईंनी नम्रपणे मान लववली, जणू पूर्वजांच्या वतीनं.

मग मी सुटलेच. शेठजींचे वडील लाकडी पिंपं बांधायचे. मुलानं ठरवलं, आपण पिंपात काय भरायचं ते बघू. पोरवयात जहाजावर गेले, खारवलेला मासा विकला, कॅरिबियन बेटांवरून काकवी आणली. ज्या कप्तानाच्या हाताखाली होते तो वारला, तर त्याच्या विधवेशी लग्न केलं. "म्हणजे बायको आणि जहाज एकाच मुहूर्तावर!" मी म्हटलं. हशा असा पिकला की खिडकीची जुनी काच हलली. काकवीवर इंग्लंडच्या राजाची जकात होती. शेठजींची पिंपं मात्र अंधारात, भलत्याच धक्क्यावर उतरायची. पुढे गावच्या सभेत हेच शेठजी स्वातंत्र्यावर असं बोलले की माणसं रडली. जकात चुकवणारा माणूस स्वातंत्र्यावर किती मनापासून बोलतो! त्याआधी दोन वर्षं ते राजाच्या बाजूचे होते, ही गोष्ट त्या रात्री त्यांना आठवत नव्हती.

"पक्ष बदलला?" एका काकांनी आनंदानं विचारलं. हे काका मूळ नागपूरचे, टेक्सासमधल्या प्लेनोहून इथे मुलाकडे आलेले, आणि त्या क्षणापर्यंत कंटाळलेले होते.

"बदलला."

"मग खातं कोणतं मिळालं?"

मी हसून हसून बेजार झाले. खातं नाही मिळालं, पण विधानसभेत गेल्यावर शेठजींनी एका रस्त्याला मंजुरी मिळवून दिली, आणि तो रस्ता नेमका त्यांच्या धक्क्यापाशी येऊन थांबला. आजही तिथेच थांबतो, आम्ही त्यावरून मासे आणायला जातो. निवडणुकीत त्यांनी मतदारांना रम आणि केक वाटला. एकदा कंजूषपणा करून नुसता केक वाटला, तर पडले. "यार, हा तर आपल्याकडचाच निघाला," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे पोर्ट्रेटकडे गाववाला भेटल्यासारखे बघायला लागले. मुलं किती, वाटणी कशी झाली, थोरल्यानं घर बळकावलं का, प्रश्नांचा पाऊस. नवरा मागे उभा होता. तो दुरुस्त करायला तोंड उघडायचा आणि हसायला लागल्यामुळे पुन्हा मिटायचा. मी आयुष्यात कधी एवढी खूश नव्हते. माझ्यासमोर एवढी माणसं, आणि एकाचाही डोळा मिटत नव्हता.

जेवणघरात थोडा घोळ झाला. टेबलावर शेठजींच्या काळची चिनी मातीची भांडी आणि मेणाची फळं मांडलेली असतात. पहिल्यांदा कोणाच्या घरी जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून जवळजवळ प्रत्येकानं काहीतरी आणलं होतं आणि आतापर्यंत ते देणार कोणाला हा पेच होता. टेबल दिसलं आणि पेच सुटला. मी वळून बघेपर्यंत मेणाच्या द्राक्षांशेजारी खरी केळी, चिवड्याची पिशवी, पेढ्यांचा बॉक्स आणि एक नारळ मांडला गेला होता. प्लेनोच्या काकांनी मेणाचं पेअर उचलून नखानं टोकरून पाहिलं आणि हळूच परत ठेवलं. एक काकू पाहुण्यांना अडवायला बांधलेली दोरी ओलांडून शेठजींच्या खुर्चीत बसल्या, कारण त्यांचे गुडघे दुखत होते आणि खुर्ची रिकामी होती. मुख्य बाईंचा हात संहितेवर थांबला. "ही केळी," त्या म्हणाल्या, "त्या काळातली नाहीत." मी गंभीरपणे म्हटलं, "नाहीत." त्यांनी नारळाकडे बराच वेळ पाहिलं, पण विचारलं काही नाही.

शेवटची खोली स्वयंपाकघर. तिथली चूल एवढी मोठी की आत उभं राहता येतं. लोखंडी आकडे, भिंतीतली पावाची भट्टी, बाजूनं वर जाणारा चिंचोळा जिना. संहितेप्रमाणे इथे तीन मिनिटं: चूल, आकडे, भट्टी, धन्यवाद. मी चूल म्हटलं, आकडे म्हटलं. मावशी तोवर चुलीपाशी जाऊन बसल्या होत्या. त्यांनी आतल्या काळ्या विटांवरून हात फिरवला.

"एवढ्या माणसांचा स्वैपाक कोण करायचं गं?" त्या म्हणाल्या. "ती फोटोतली बायको? तिच्या हातांकडे बघून वाटत नाही."

अर्थातच हा प्रश्न येणार होता. मराठी बायकांनी भरलेल्या घरात तो येणार नाही असं मला वाटलंच कसं? संहितेत 'नोकरमाणसं' असा एक शब्द आहे. पण मला खरं माहीत होतं. त्यात लपलेलं काहीच नव्हतं. गावच्या लायब्ररीत इतिहासाच्या कपाटात सगळं छापलेलं आहे, गावातल्या जुन्या लोकांनाही ठाऊक आहे. फक्त या घरात ते कोणी म्हणत नाही. सातवी पिढी ताठ पाठीनं शेजारी उभी असताना कोण म्हणणार?

पण मी मराठीत बोलत होते. मावशींना खरं सांगायला काय हरकत होती?

"एक बाई होती," मी म्हटलं. "शेठजीनं विकत आणलेली. बेटांवरून, काकवीच्या पिंपांबरोबर, त्याच जहाजातून. म्हातारी होईपर्यंत ती या चुलीपाशी होती. या जिन्यानं वर गेलं की एक खोली आहे, तिला खिडकी नाही, तिथे निजायची. शेठजीनं तिला एक नाव ठेवलं होतं. तिचं स्वतःचं काय होतं ते कोणालाच माहीत नाही."

"आणि मुलंबाळं?" मावशी म्हणाल्या.

"एक मुलगी होती. शेठजीच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, तेव्हा ती पोर आहेरात दिली."

एवढा वेळ किलबिलणारी ती सगळी माणसं मोज्यांवर उभी होती आणि कोणाला कुठे बघावं ते कळत नव्हतं. मावशींनी चुलीतला हात काढला आणि पदराला पुसला नाही, तसाच मांडीवर ठेवला.

मुख्य बाईंनी संहिता मिटली. "इथे काही विनोद नव्हता का?" त्यांनी मला विचारलं. "ते इतका वेळ हसत होते. आता गप्प झाले. तुम्ही काय सांगितलंत?"

मला सुटायला वाव होता. 'भट्टी किती तापायची ते सांगितलं,' असं म्हटलं असतं तर तिथे मला खोटं पाडणारं कोणी नव्हतं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. दुरुस्त करायच्या नजरेनं नाही, तर मी काय करते ते बघायला. मला शनिवारची टूर हवी होती. किती हवी होती ते मी त्या मिनिटाला पुरतं ओळखलं. आणि मग मला रागही आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा. शेवटपर्यंत ऐकणारं माणूस मिळावं म्हणून मी इथे आले होते, आणि आता समोरचं माणूस ऐकायला उभं होतं तर मीच वाक्य अर्ध्यात सोडणार होते?

मी तेच सगळं इंग्रजीत सांगितलं. जहाज, खोली, नाव, लग्न, आहेर. 'आहेर' या शब्दाला मी अडखळले. लग्नाची भेट म्हटलं, आणि ते पुरेसं वाईट वाटलं. मुख्य बाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, पावसात जपून गाडी चालवा म्हणाल्या. माणसं बूट शोधायला गेली. एकाच मापाचे काळे स्नीकर्स पाचजणांचे निघाले, त्यामुळे दारात पुन्हा आवाज झाला, पण पहिल्यासारखा नव्हता. मावशी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बरं केलंस." नवरा गाडी आणायला गेला. खुर्चीत बसलेल्या काकूंना उठवायला दोघं लागले.

मग मी आणि मुख्य बाई, दोघीच उरलो. त्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होत्या. मी उभी राहिले, ऑपरेशन संपल्यावर सर्जनसमोर उभी राहायची तशी.

"वेळ दुप्पट लागला," त्या म्हणाल्या. "दोरी ओलांडली गेली. खुर्चीत माणूस बसलं. जेवणघरात खरं खाणं आहे, त्याला मुंग्या लागतील. संहितेतलं तुम्ही किती सांगितलंत ते मला माहीत नाही, पण फार नसावं."

"फार नाही," मी म्हटलं.

त्यांनी नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. "त्या वरच्या खोलीत सफरचंदं ठेवायचे, असं मला लहानपणी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तिथे खेळायची. खिडकी का नाही हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणी सांगितलं असतं असंही नाही." त्यांनी दुसरी नाडी बांधली. "शनिवारी दहाला या. टूर स्वयंपाकघरापासून सुरू करा."

बिल्ला कधी मिळणार हे विचारायचंही मी विसरले. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "दिवाणखान्यात ते कशाला हसत होते? माझ्या पूर्वजाला हसत होते ना?"

"हो," मी म्हटलं.

"तेही सांगा. सगळं."

पाऊस थांबत आला होता. नवऱ्यानं फाटकापाशी गाडी उभी करून एकदा हॉर्न दिला. मी त्याला हातानं थांब म्हटलं, ओल्या पायरीवर बाईंच्या शेजारी बसले, आणि पिंपं बांधणाऱ्या बापापासून सांगायला सुरुवात केली.